अर्धा सूर वर

मशीन ऑइलचा वास आला की सातपूरची ती शेड आठवते. कारखान्याला सुट्टी असली की आमचा बँड तिथे सराव करायचा. आमची गाणी रचणारा मित्र जुना पियानो अक्षरशः बडवायचा. सूर लावणाऱ्या काकांनी बजावलं होतं, "आतली लोखंडी चौकट चिरलीय. अर्धा सूर खालीच ठेवा, तारा ताणू नका." म्हणून आम्ही सगळेच अर्धा सूर खाली वाजवायचो. पण रेकॉर्डिंगला बासरीवाला येणार होता आणि त्याची बासरी काही खाली उतरणार नव्हती. त्या दिवशी मी पहाटेच शेड उघडली, तारा पिळायची चावी घेतली आणि एकेक तार वर चढवली. पियानो आतून करकरत राहिला. मित्राने दोन सूर वाजवून विचारलं, "काका येऊन गेले?" मी "हो" म्हणालो. तिसऱ्या गाण्यात धाडकन आवाज झाला आणि तुटलेली तार त्याच्या डाव्या हातावर बसली. रक्त दाबून धरत तो म्हणाला, "काकांनीच घात केला रे." मी खिशातली चावी आणखी आत ढकलली. त्याची दोन बोटं आता वळत नाहीत. परवा नवं गाणं ऐकवताना म्हणाला, "डाव्या हाताचं तू वाजव. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."