घामात टिकणाऱ्या भुवया

आयुष्यात मी एकच संशोधन केलं, तेही स्वतःच्या कपाळावर. डाव्या बाजूला एका पेन्सिलीची भुवई काढली, उजव्या बाजूला दुसरीची, आणि लिफ्ट चालू असताना आमच्या बिल्डिंगचे सात मजले चढून गेले. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. तोवर उजवी भुवई पापणीवर उतरली होती.

हे सगळं धाकट्या बहिणीसाठी. ती जाऊन आता वर्ष झालं. केमोने केस गेले तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला आणि हसली. भुवया-पापण्या गेल्या तेव्हा मात्र आरशावर टॉवेल टाकला. रोज चालायचं, नाहीतर पायांतलं बळ जाईल, असं डॉक्टर बजावत होते, आणि ही डोंबिवलीतल्या तिच्या घराचा उंबरा ओलांडेना.

"घाम पुसला तरी राहतील अशा भुवया काढून दे ताई, मग येते," म्हणाली.

मी ठाण्याहून ऐटीत डबी घेऊन पोचले. एरंडेलातलं, घरी धरलेलं काजळ. घरचं ते चांगलं, हा आमच्या माहेरचा धर्म. बारीक काडीने झकास कमानी काढल्या. सोसायटीला दोन फेऱ्या होतात न होतात तोच तेल सुटलं आणि तिच्या गालांवर काळे ओघळ आले. बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ती वर गेली आणि आठवडाभर खाली उतरली नाही.

मला आधीच कळायला हवं होतं. कॉलेजात असताना हेच काजळ डोळ्यांत घालून, कोपऱ्यांना शेपट्या काढून मी खो-खो खेळायला जायचे. वाटायचं, कळव्याचं अख्खं मैदान माझे डोळे बघायला जमतं. पहिला डाव संपेपर्यंत हडळ तयार. कडेला धाकटी ओला रुमाल घेऊन उभी असायची. तिला थँक्यू म्हणणं राहिलं बाजूला, "दुखतंय गं, हळू पूस," म्हणून वर तिच्यावरच खेकसायचे.

मग ते जिन्यातलं संशोधन. दुकानातल्या मुलीने समजावलं होतं: तेलकट नको, पाण्याने न निघणारी पेन्सिल घ्या, वरून पावडरचा हलका हात फिरवा. त्या रीतीने काढलेली डावी भुवई टिकली. तीच पेन्सिल घेऊन मी बहिणीकडे मुक्काम ठोकला. रोज सकाळी भुवया काढायच्या आणि चालायला निघायचं. आधी चार फेऱ्या, मग दोन, मग नुसतं गेटपर्यंत. भुवया जशाच्या तशा असायच्या. बाईच कमी होत गेली.

एके दिवशी ती गॅलरीपर्यंत गेली आणि तिथूनच परत येऊन पलंगावर टेकली. घाम आला होता. भुवया टिकल्या होत्या.

"पूस आता," म्हणाली.

मी ओला रुमाल घेतला. निघेनात. शेवटी काजळात घालतात तेच एरंडेल बोटावर घेऊन चोळलं.

"दुखतंय गं, हळू पूस," ती खेकसली. अगदी माझ्या ठसक्यात. इतक्या वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी तिने भुवया काढायला सांगितलं नाही. मीही पेन्सिल पुढे केली नाही.