पाचवी तार आणि खडूची खूण

टेपताईचं खरं नाव तिच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. मापाचा टेप तिच्या गळ्यात कायम लोंबत असायचा. दुकानात, स्वयंपाकघरात आणि कहर म्हणजे स्टेजवरसुद्धा. दिवसभर ती लोकांच्या पँटी आणि कोट लहानमोठे करून द्यायची आणि सुटीच्या संध्याकाळी धाकट्या दिराच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची. बावीस वर्षं एकच गिटार, चार तारांची. आता बेसवाल्याचं कसं असतं, तो चुकला तरच लोकांना कळतं की हा इथे होता. टेपताईकडे बावीस वर्षांत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं आणि तिला त्याचा कोण अभिमान!

गायची तिची लेक. गेल्या वर्षी लेकीच्या घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं मुळासकट गेलं, पण जाताना आवाज दोन-तीन सूर खाली ओढून गेलं. पोरगी बोलेनाशीच झाली. हसू आलं तरी तोंडावर हात धरायची, जणू आवाज बाहेर पडला तर कुणी ओळखायचं नाही. आठ महिन्यांनी ती पुन्हा स्टेजवर उभं राहायला तयार झाली, ती एका अटीवर. "मागे आई असली तरच."

अट ऐकायला सोपी वाटते. पण सगळी गाणी खाली घेतली, तेव्हा टेपताईच्या गिटारची सर्वात जाड तार तिथवर पोचेना. तिने ती सैल करून पाहिली, तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी फडफडायला लागली. पाच तारांच्या गिटारवाचून इलाज नव्हता.

दीर ड्रम वाजवायचा आणि ऑर्केस्ट्राही चालवायचा. माणूस चांगला, पण घड्याळाचा गुलाम. "वहिनी, मला वाईटपणा घ्यायचा नाहीये," तो म्हणाला. "शनिवारी कार्यक्रम आहे. शुक्रवारच्या तालमीत तुमचं जमलं तर उत्तम. नाहीतर मी एकाला सांगून ठेवलंय. पाच तारा म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ."

"आणि पोरीला काय सांगणार आहात, भाऊजी?"

यावर भाऊजींनी झांजेवरची नसलेली धूळ पुसली.

वाद्यं दुरुस्त करणारा गृहस्थ टेपताईचं जुनं गिऱ्हाईक. पोट सुटत गेलं तसे त्याचे सगळे कोट तिनेच उसवून सैल केले होते, त्यामुळे त्याने पाच तारांच्या दोन गिटारी आठवडाभरासाठी तिच्या हवाली केल्या. "एक निवडा. पहिलीच्या तारांत तुमच्या जुनीइतकंच अंतर आहे. खाली ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात ना, तिथे एकोणीस मिलिमीटर. दुसरीच्या तारा जवळजवळ आहेत, साडेसोळा."

अडीच मिलिमीटर! तुम्हीआम्ही म्हणू, एवढ्याने काय होतंय? शिंप्याला विचारा, तो सांगेल एवढ्याने काय काय होतं.

पहिली गिटार उजव्या हाताला लगेच मानवली. पण पाच तारा ऐसपैस बसवायच्या म्हणजे दांडी रुंद हवीच. ती होती पोळपाटाएवढी. टेपताईचा पंजा लहान. पाचव्या तारेपर्यंत बोटं पोचवताना डाव्या अंगठ्यात असा गोळा आला की रात्री भाकरी मोडताना तिच्या तोंडून हाय निघाली. दुसरीची दांडी हातात छान मावली, पण तिथे उजव्या हाताने मान टाकली. बावीस वर्षांच्या सवयीचं बोट जिथे तार असायची तिथे पडायचं, आणि तिथे आता तिची शेजारीण असायची. एक छेडावी तर दोन वाजायच्या. धड ही नाही, धड ती नाही. बुधवारपर्यंत टेपताई रडकुंडीला आली. शनिवारी पोरीच्या मागे कुणी परका उभा असेल, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना.

बुधवारी दुपारी एक गिऱ्हाईक दोन पँटी घेऊन आलं. एक ढगळ, एक बारीक. "दोन्हींना गुडघ्याशी सारखंच माप करा," म्हणालं. टेपताईने दोन्ही पँटी टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या आणि टेप लावला. ढगळ पँटीत गुडघ्याशी जे माप होतं, ते बारीक पँटीतही होतंच की! फक्त चांगलं वीतभर वर, मांडीपाशी. पाय खाली निमुळता होत जातो. माप नाहीसं होत नाही, जागा बदलतं.

तिच्या हातातला खडू तसाच राहिला. तारासुद्धा निमुळत्याच असतात! ब्रिजकडे लांब लांब आणि दांडीकडे जवळ जवळ.

गिऱ्हाइकाला "बसा हं" म्हणून ती आत पळाली. जुनी गिटार ती दांडीच्या तोंडाशी, म्हणजे दांडी जिथे गिटारच्या पोटाला मिळते तिथे छेडायची; अंगठा टेकून टेकून तिथलं पॉलिशही उडालं होतं. तिथे टेप लावला. साडेसोळाहून जरा जास्त. म्हणजे एकोणीसचं अंतर तिच्या बोटांनी कधी पाहिलंच नव्हतं! मग साडेसोळावाल्या काळ्या गिटारवर ती खाली खाली सरकत गेली आणि ब्रिजपासून दोन बोटांवर थांबली. थोडा फरक राहत होता, पण तेवढा शिलाईत जातो. तिथे तिने खडूने रेघ मारली आणि अंगठा टेकला. छेडलं. एकच तार वाजली. बाहेर गिऱ्हाईक पँटींची वाट बघत ताटकळलं होतं, ते विचारू नका.

आता ब्रिजजवळ तारा ताठ असतात आणि आवाज किरटा निघतो. म्हणून बोट हलकं टाकायचं आणि बटण फिरवून आवाज जाड करायचा. दोन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. तरी गाणं रंगलं की हात आपला माहेरच्या वाटेने दांडीकडे निघायचा. खडूची रेघ दिसली की परत यायचा. शुक्रवारी तालीम झाली. दिराने शेवटची झांज वाजवली, घड्याळाकडे न बघता फोन काढला आणि त्या डाव्या हातच्या मळवाल्याला "नको येऊ" म्हणून सांगितलं. टेपताईला त्या क्षणी त्याचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, दीर पडला.

शनिवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. पडदा वर गेला. लेक माइकपाशी, आई मागे. टेपताईने सवयीने खाली पाहिलं. रेघ नव्हती. काळी गिटार आरशासारखी चकचकीत.

दिराने काठ्या आपटल्या, गाणं सुरू झालं, टेपताईने अंदाजाने अंगठा टेकला आणि पहिल्याच ठोक्याला दोन तारा एकदम बोंबलल्या. दुसऱ्याला पुन्हा. बावीस वर्षांत प्रथमच सगळ्या हॉलला कळलं की इथे एक बेसवाली आहे. लेकीने सूर सोडला आणि मागे वळली.

"आई, काय झालं?"

"माझी खडूची खूण कुठे गेली गं?"

लेकीचा चेहरा पडला. लहानपणापासून दुकानात तिचं ते एकच काम होतं: कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी त्यावरच्या खडूच्या खुणा पुसायच्या. "मी पुसली," ती पुटपुटली. "मला वाटलं, तू विसरलीस."

टेपताईला तिचा राग यायला हवा होता. आलं मात्र भडभडून. स्वतः भीतीने अर्धमेली झालेली पोर पडद्यामागे आईची गिटार पुसत होती! तिने गळ्यातला टेप काढला. "धर टोक."

आणि भरल्या हॉलसमोर मायलेकींनी गिटारचं माप घेतलं. लेकीने टेपचं टोक ब्रिजवर धरलं, आईने पायाशी ठेवलेल्या पर्समधून खडू काढला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ताई, बाही जरा आखूड करा!" हॉल हसला. आणि लेकही हसली, टेप धरलेला असल्यामुळे तोंडावर हात न ठेवता. मोठं, खालच्या पट्टीतलं, खळखळून हसू. माइक जवळच होता. ते सगळीकडे ऐकू गेलं. ती क्षणभर दचकली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दिराने पुन्हा काठ्या आपटल्या. टेपताईचा अंगठा रेघेवर आणि नजर लेकीच्या पाठीवर. गाणं जिथे सर्वात खाली उतरतं तिथे लेकीचा आवाज उतरला, आणि त्याच्या खाली पाचवी तार बरोबर जाऊन उभी राहिली. पुन्हा कुणाचं बेसकडे लक्ष नव्हतं.

टाळ्या थांबायच्या आत लेक मागे झुकली. "आई, पुढचं आणखी एक सूर खाली घेऊ?"

"घे की," टेपताई म्हणाली. "मी आहे खाली."