पडद्याशेजारचा माणूस

"माले काय व्हस?" असं म्हणून तो पेटती गॅसबत्ती खाली घ्यायचा आणि तिची तापलेली काच उघड्या बोटांनी काढायचा. काच फडक्यानेही धरवत नसे. तंबूच्या दारातले लोक ओरडायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या. तो हसून म्हणायचा, "मन्हा हात राठ शेत!"

मी त्या काळी एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचो. तापीकाठच्या प्रकाशा गावी आमचा तंबू महिनोन्‌महिने असायचा. हा माणूस तिथलाच. दिवसा बैलगाडीत बसून, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ब्राह्मणपुरीपर्यंत जाहिरात करत जायचा. संध्याकाळी पडद्याशेजारी उभा राहायचा, कारण पडद्यावरचं हिंदी आमच्या निम्म्या लोकांना कळत नसे. तो सगळं अहिराणीत सांगायचा.

तुम्हाला ती चित्रं आठवत असतील. क्षयाने खोकणारी नायिका, आंधळी आई, कुबडीवरचा भाऊ. अशा दुखण्यांच्या चित्रात याचा गळा असा लागायचा की बायकांच्या बाजूला हुंदके सुरू व्हायचे. "मरू नको वं माय, तुन्हा लेकरू लहान शे," असं तो पडद्यालाच विनवायचा. एकदा एक गुजर म्हातारी दुसऱ्या दिवशी ओव्याची पुरचुंडी घेऊन आली. "त्या पोरले दे भो. खोकी खोकी अर्धी व्हयनी बिचारी."

"देसू, माय," तो गंभीरपणे म्हणाला. मला डोळासुद्धा मारला नाही.

एके वर्षी सरकारी प्रचाराची गाडी आली. नदीकाठी मोकळ्या जागेत पडदा लावला. फुकटचा खेळ, म्हणून आमचा तंबू त्या दिवशी बंद आणि सारं गाव तिथे. चित्र महारोगावर होतं. बोलणं शहरी मराठीत. लोक चुळबुळ करू लागले तसा गाडीवरचा साहेब म्हणाला, "इथे कोणी समजावून सांगणारा आहे का?" लोकांनी कौतुकाने याला पुढे ढकललं.

तो सांगू लागला. पडद्यावर एक शेतकरी चुलीशी बसला होता. त्याचा हात निखाऱ्यावर टेकला आणि तो तसाच बोलत राहिला.

"या मानूसना हात जयना, पन त्याले समजनंच नही. का, तर ही रगतपितीनी पहिली..."

तिथे तो थांबला. आपला उजवा हात त्याने पाठीमागे नेला.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "आन् तुले समजस का रे भो?"

चित्र पुढे चालूच होतं. साहेब म्हणाला, "बोला, बोला." आणि तो बोलला. शेवटपर्यंत बोलला. "यासले घरमाईन काढू नका. यासना हातनं पानी प्या. दवाई लिधी म्हंजे हाऊ रोग बरा व्हस." तो हे सांगत होता आणि पुढच्या रांगेतल्या बायका पोरं उचलून मागे सरकत होत्या.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याने त्याला ओट्यावर बसू दिलं नाही. चहावाल्याने करवंटीत चहा दिला. बाजारात तरण्या मुलांनी मागून येऊन त्याच्या कोपराला बाभळीचा काटा टोचला, चित्रातला डॉक्टर सुई टोचून बघत होता तसा, आणि तो वळला नाही तेव्हा टाळ्या पिटल्या. मालक म्हणाला, "तू दारात असलास तर तंबूत कोण येईल?" मेहुणा अक्कलकुव्याहून गाडी जुंपून आला नि बहिणीला, भाचीला घेऊन निघाला. बायको गाडीत चढली, पुन्हा उतरली. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिने त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर ठेवल्या आणि पाठमोरी होऊन रडत चढली.

मी त्याला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं, बैलगाडीने, कारण मोटारवाल्याने चढू दिलं नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या. काही वर्षं त्याने त्या नेमाने घेतल्या. दोन बोटं वाकडी राहिली, पण रोग गेला. तसा डॉक्टरचा दाखलाही मिळाला. तो घेऊन तो मेहुण्याच्या दारी गेला. दार उघडलं नाही.

मग त्याच प्रचाराच्या गाडीवर त्याला काम मिळालं. गावोगाव तेच चित्र, तीच अहिराणी.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते अक्कलकुव्याच्या बाजारात. दिवेलागण झाली होती. नेहमीसारखं त्याने लोकांना रडवलं. चित्र संपल्यावर उजेडात पुढे येऊन म्हणाला, "हाई दुखनं माले व्हतं. मी बरा व्हयनू. या, मन्हा हात धरी दखा."

डोळे पुसणारे लोक जागच्या जागी उभे राहिले. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे गेलो आणि हात पुढे केला.

त्याने मला ओळखलं. हसला. हात मात्र माझ्या हातात दिला नाही.

"तू नको रे भाऊ," तो हळूच म्हणाला. "तू वळखीना शे. यासमाईन कोनी तरी येऊ दे."

मी बाजूला झालो. तो हात पुढे धरून उभा राहिला. साहेबाच्या माणसांनी पडदा सोडवला, घडी घातली, गाडीत टाकला. लोक पांगले. एक बाई थोडी पुढे आली होती. नवऱ्याने हाक मारली तशी तीही गेली.

"चला," साहेब म्हणाला.

"थोडं थांबा, साहेब," तो म्हणाला.