आईला उघड्यावर झोपवण्याची पूर्वतयारी

आईला एक रात्र उघड्यावर झोपवण्यासाठी मी तेवीस निकषांचा तक्ता तयार केला होता.

आई महिनाभरासाठी दुबईला आली होती. आमचं घर जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एकतिसाव्या मजल्यावर. तिला घर आवडलं, लिफ्ट आवडली, मेट्रो तर इतकी आवडली की उतरायलाच तयार होईना. सुनेलाही तिने नावं ठेवली नाहीत (हे मी तिसऱ्या दिवसापर्यंतचं सांगतोय). पण पाचव्या दिवशी सकाळी बशीतला चहा फुंकत ती म्हणाली, "दत्तू, मला काय नगं. साडी नगं, सोनं नगं. जायच्या आधी एक रात मोकळ्या आभाळाखाली झोपीव. ह्या गार डब्यात डोळा लागंना बघ."

लोकांच्या रानात खुरपून ज्या बाईने मला इंजिनिअर केलं, तिने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. आणि मागणं तरी काय, तर ज्याला फक्त एक चटई लागते! तेव्हाच मी ठरवलं, हे काम साधंसुधं करायचं नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. काहीही करायचं तर आधी तक्ता आखावा, हे आमच्या हायस्कूलच्या सरांनी शिकवलं आणि त्या तक्त्यांनीच मला माण तालुक्यातून इथवर आणलं, असं मी आजही मनापासून मानतो. त्यामुळे त्याच दिवशी लॅपटॉप उघडला. जमीन सपाट आहे का, वारा कुठून येतो, सूर्य कुठून उगवतो (हा सगळीकडे पूर्वेकडूनच उगवतो, हे शुभदाने लक्षात आणून दिल्यावर तो रकाना काढला), उंट जवळ येतात का, मोबाइलला रेंज आहे का, असे रकाने वाढत गेले.

शुभदा म्हणजे माझी बायको. पुण्याची. आई समोर असली की ती मला 'अहो' म्हणते, नसली की 'दत्ता', आणि चिडली की काहीच म्हणत नाही.

"अहो, आईंना झोपायचंय. प्रवेश परीक्षा द्यायची नाहीये."

"पण जागा योग्य पाहिजे ना?"

"मग एक रकाना माझाही घ्या. कमोड नसेल तिथे मी येणार नाही."

त्यामुळे नुसत्या तंबूवर भागेना, कॅरव्हॅनही आली. म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, ओटा, आणि शुभदाची अट. कंपनीवाले ती आपण सांगू तिथे आणून लावतात आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जातात. आमची अकरा वर्षांची मुलगी इरा एवढंच म्हणाली, "बाबा, डझ इट हॅव वायफाय?" तोही रकाना झाला.

पहिल्या शनिवारी आम्ही वाळवंटातली जागा पाहायला गेलो. आई गाडीतून उतरली, वाळूवर हात फिरवला आणि म्हणाली, "झ्याक हाय. टाक चटई."

"आई, आज फक्त पाहणी आहे."

"कसली पाहनी?"

"म्हणजे आज बघायचं, मार्क द्यायचे आणि घरी जायचं."

"आलोय कशाला मग?"

मी मार्क दिले. निघताना गाडी वाळूत रुतली. एका तरुण अमिरातीने आपल्या भल्याथोरल्या जीपने ती ओढून काढली, आईला वाकून सलाम केला, मला "खलास, हबीबी" (म्हणजे झालं काम, मित्रा) म्हणाला आणि निघून गेला. जागेला शंभरपैकी एकसष्ट.

दुसऱ्या शनिवारी डोंगरातली एक वाडी. वाडी म्हणजे इथे कोरडा ओढा. मला ती जागा बेहद्द आवडली. सपाट, स्वच्छ, गोल गुळगुळीत गोटे, दोन्हीकडे सावली. मी एकोणऐंशी मार्क लिहीत होतो तेवढ्यात आईने एक गोटा उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"ह्यो कशानं गुळगुळीत झाला?"

"कशाने?"

"पान्यानं! वर डोंगराव पाऊस पडला की तू, तुझी बायकू आन् तुझा कागद, तिगंबी समुद्रात. शिकलायस नव्हं तू?"

निकष तोवर बावीस होते. तेविसावा आईने दिला.

तिसऱ्या शनिवारी मात्र जागा सापडली. पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या थोडं अलीकडे, समोर समुद्र, पाठीशी डोंगर, मध्ये दाबून बसलेल्या वाळूचं मोकळं मैदान. बरेच लोक तिथे तंबू ठोकतात. अठ्ठ्याऐंशी मार्क! आईने विचारलं, "मग आता झोपू का? चटई गाडीतच हाय."

"अगं, तंबू नाही, कॅरव्हॅन नाही! पुढच्या शनिवारी."

आईने शुभदाकडे बघितलं. शुभदाने समुद्राकडे बघितलं. पुढचा शनिवार शेवटचा होता, कारण त्यानंतरच्या मंगळवारी आईचं विमान होतं.

आता नवीनच काळजी सुरू झाली. तिथे आगाऊ नोंदणी नव्हती. जो आधी येईल त्याची जागा. थंडीचे दिवस, शनिवारची गर्दी, आणि आईची एकच रात्र! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझी हयात गेलेली. मी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. शुक्रवारी ऑफिस दुपारीच सुटतं. मी रास अल खोरच्या बाजारातून चुन्याच्या भुकटीची पोती घेतली, सुतळी आणि खुंट्या घेतल्या आणि एकटाच गाडी हाणत किनाऱ्यावर पोचलो.

शाळेत क्रीडा महोत्सवाला फक्की मारायचं काम सर कायम मलाच द्यायचे. तो हात अजून शाबूत होता. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा झकास चौकोन आखला. मधोमध एक रेषा: अलीकडे तंबू, पलीकडे कॅरव्हॅन. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर एकेक रेषा: चपला काढायची हद्द. कडेला दोन पट्टे: सामान ठेवायला. आणि वरच्या अंगाला पुरुषभर उंचीच्या अक्षरांत नाव: 'शिंदे परिवार'. मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की कोणीही वाचतो आणि वाद घालायला येतो. मराठी दिसलं की माणूस बिचकतो, असा माझा अंदाज.

शनिवारी दुपारी सगळं सामान गाडीत भरून निघालो. वाटेत कॅरव्हॅनच्या ड्रायव्हरचा, खानभाईंचा फोन आला.

"साब, लोकेशन सही है ना?"

"हां, खानभाई. सफेद लाइन दिख रही है?"

"लाइन तो दिख रही है, साब. लाइन के अंदर मॅच चल रहा है."

पोचलो तर माझ्या चौकोनाभोवती चाळीसेक माणसं! शिट्ट्या, आरोळ्या, आणि मध्ये जिथे आमचा स्वयंपाक व्हायचा होता तिथे दोघांनी तिसऱ्याचा पाय धरलेला. मी गाडीतून उतरताच एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हात पसरून धावत आले.

"या, या! शिंदेसाहेब ना? तुमच्यासाठीच उद्घाटन थांबवलंय. हा नुसता सराव चाललाय."

हे रवीभाऊ. मूळचे रत्नागिरीकडचे, जवळच्याच एका बांधकामावर फोरमन. आदल्या संध्याकाळी त्यांचा पाण्याचा टँकर तिथून गेला होता. टँकरवाल्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. कबड्डीचं मैदान, अगदी मापात, आणि वर आयोजकांचं नाव!

"साहेब, सात वर्षं झाली इथे येऊन. आमच्यासाठी कोणी मैदान आखलं नव्हतं हो," रवीभाऊ म्हणाले, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

शुभदा माझ्या कानाशी आली. "सांगा त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"नारळ फुटू दे."

कारण तोवर त्यांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं आणि तिच्या हातात नारळ दिला होता. आईने तो एका फटक्यात फोडला. चाळीस माणसांनी गजर केला. कोणीतरी तिला विचारलं, "मावशी, तुमी कुटल्या?"

"माण तालुका!"

"म्हंजी सातारा!" अर्धं मैदान ओरडलं. सामना सातारा विरुद्ध रत्नागिरी होता. आईने पदर खोचला आणि खुर्ची सातारकरांच्या बाजूला ओढून घेतली. सांगायची वेळ इथे टळली.

खानभाईंनी कॅरव्हॅन मैदानाच्या कडेला लावली. पाहता पाहता तिचा मंडप झाला. दारात गुणफलक लागला, पायरीवर राखीव खेळाडू बसले, आणि आतल्या कमोडची बातमी फुटली. रांग लागली! अर्ध्या तासात टाकीचा दिवा लाल झाला. शुभदा मला काहीच म्हणाली नाही. (तिच्या न म्हणण्याचा अर्थ मी वर सांगितलाच आहे.) तिने आम्हा चौघांसाठी आणलेल्या साबुदाण्याच्या वड्यांचे तुकडे केले आणि 'चहापान' म्हणून वाटून टाकले.

मध्यंतरात रवीभाऊ माझ्याकडे आले. "साहेब, बक्षीस काय ठेवलंय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हाय की! नवाकोरा तंबू हाय गाडीत."

"आई!"

"आरं, मला मोकळ्या आभाळाखाली झोपायचंय. तंबू काय डोस्क्यावर घिऊ?"

एवढ्या दिवसांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तक्त्यात तंबूला अकरा रकाने होते.

सामना रंगला. शेवटच्या दोन मिनिटांत सातारा पाच गुणांनी मागे, आणि त्यांचा एक गडी पायात गोळा येऊन बसलेला; राखीव होते तेही आधीच लंगडत बाहेर आलेले. सगळे इकडेतिकडे बघू लागले. मी दिसू नये म्हणून खानभाईंच्या मागे सरकलो.

"दत्तू," खुर्चीतून हुकूम आला, "उतर."

"आई, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

"मग मोठा झालास की. जा!"

इराने मोबाइल काढला. "बाबा, प्लीज डोंट. अॅक्च्युअली, गो! आय अॅम रेकॉर्डिंग."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, 'कबड्डी कबड्डी' म्हणत मधली रेषा ओलांडली आणि रत्नागिरीच्या हद्दीत शिरलो. समोर सात जण, एकेक पोलादी कपाटासारखा. आणि त्यातल्या एकाच्या पायाला हात लावायला म्हणून मी वाकलो.

कंबरेतून 'कट्' असा आवाज आला.

मी वाकलेलाच राहिलो. पुढे जाता येईना, मागे जाता येईना, सरळ तर मुळीच होता येईना. फक्त तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू होतं, कारण थांबलो असतो तर ओरडलो असतो. रत्नागिरीकर घाबरले. बिचारी देवमाणसं! "साहेबांना लचक भरली, उचला, उचला," म्हणत सातही जण धावले. कुणी हात धरले, कुणी पाय, आणि मला आडवं उचलून मधल्या रेषेपलीकडे, कॅरव्हॅनजवळ, म्हणजे माझ्याच हद्दीत आणून ठेवलं.

पंच म्हणून खानभाईंना उभं केलेलं होतं. त्यांना सकाळपर्यंत कबड्डी ठाऊक नव्हती, पण तासाभरापूर्वी नियम शिकून घेतल्यामुळे ते नियमांना घट्ट धरून होते. त्यांनी शिट्टी फुंकली. चढाई करणारा सगळ्यांना शिवून, दम न सोडता आपल्या घरात परत आला होता.

"सातों आउट!"

"अहो, आम्ही त्यांना उचलून आणलं!" रवीभाऊ ओरडले.

"छुआ कि नहीं छुआ?"

सातारा जिंकलं! तंबू सातारकरांना मिळाला. आईने प्रत्येकाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, हरलेल्यांच्याही. दिवस कलताना त्यांची बस आली आणि सगळे गेले. रवीभाऊ दोनदा परत उतरून आईच्या पाया पडले.

मैदान मोकळं झालं. फक्की पायांनी पुसली गेली होती. आईने मध्यभागी चटई टाकली, उशाला पिशवी घेतली आणि आडवी झाली. थोड्या वेळाने इरा मोबाइल गाडीत ठेवून आली. "आजी, कॅन आय स्लीप हिअर?"

"ये की. वाईच सरकते."

मी तिच्या शेजारी झोपायचं, हे माझं मी महिनाभर मनाशी योजलेलं होतं. पण मला कॅरव्हॅनच्या पलंगावर कुशीवर ठेवून शुभदा कंबरेला बाम चोळत होती. बाहेरून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं आणि आईचं घोरणं सुरू झालं. ते मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. दुखत होतं, पण बरं वाटत होतं.

सकाळी आई म्हणाली, "म्हैन्याची झोप एकदम झाली बघ."

मंगळवारी तिला विमानतळावर सोडायला गेलो. आई एकटी जाणार, भाषेची अडचण, म्हणून परदेशी राहणारी आपली सगळी मुलं करतात तशी मीही तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. व्हीलचेअर आली. ती आणणाऱ्याने आमच्याकडे पाहिलं: एक बाई, ताठ, डोक्यावर पदर, हातात दोन पिशव्या, आणि तिच्या खांद्याला धरून उभा असलेला, काटकोनात वाकलेला एक गृहस्थ. त्याने काही न विचारता मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि ढकलायला सुरुवात केली.

"अरे भाई, मेरे लिए नहीं..."

"बस, बस, गप बस," आई शेजारून चालत म्हणाली. "मला काय झालंय? तू बस."

काउंटरवर पोचलो. तिथल्या मुलीने पासपोर्ट उघडून बघायच्या आधी माझ्याकडे अतिशय मायेने पाहिलं आणि आईला विचारलं, "आंटीजी, अंकल अकेले ट्रॅव्हल करेंगे?"