ऐन वेळी आलेला साक्षीदार

कोर्टात सव्वीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईंना मालिकेतलं कोर्ट बघवत नसे. त्या संध्याकाळी मालिकेत निकाल दिला जात असतानाच दार ढकलून एक साक्षीदार ओरडत आत आला आणि न्यायाधीशांनी आरोपीला तिथल्या तिथे सोडून दिलं. बाईंचं डोकंच फिरलं. शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे वळून त्या करवादल्या, "ना समन्स, ना उलटतपासणी! आमच्याकडे शिपायाने बखोटीला धरून बाहेर काढला असता. अहो आई, साध्या भिंतीच्या वादात अकरा वर्षं नुसत्या तारखा पडतात!"

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "मला ब्याऐंशी वर्षं सरली. तुझ्या कोर्टासारखं दाखवलं, तर निकाल बघायला मी असेन का गं?"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि टीव्हीचा आवाज वाढवून दिला.