तीनने भाग जातो

आमच्या गॅलरीतून शेजाऱ्यांच्या गाडीची नंबर प्लेट दिसते. ९९७३. गाडी नवी आली तेव्हा अण्णा, माझे वडील, असे हरखले होते, जणू ती त्यांनीच घेतली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. ‘चार अंकी संख्यांमधली सगळ्यात मोठी मूळ संख्या आहे ही! शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघ. एकानेही भाग जायचा नाही.’

आज सकाळी तीच पाटी बघत ते म्हणाले, ‘हिला तीनने भाग जातो.’

‘आकड्यांची बेरीज करा ना, अण्णा.’

त्यांनी बोटांच्या पेरांवर बेरीज केली. अठ्ठावीस यायला हवी होती.

‘सत्तावीस,’ ते म्हणाले. ‘म्हणजे जातो.’

मी खाली बघत राहिले. मोजणारं कुणी नव्हतं तेव्हाही ही संख्या अशीच अभंग होती, आणि मोजणारे सगळे गेल्यावरही असेल. कुणी कितीही चुकीचं मोजलं तरी तिच्यावर ओरखडा उठत नाही. आणि जे डोकं तिला एका नजरेत ओळखायचं, ते मात्र रोज थोडं थोडं झिजतंय. तिला त्याचं सोयरसुतक नाही. चीड येते नुसती, आणि ती काढायला समोर कुणी नसतं.

‘हो अण्णा, जातो,’ मी म्हणाले.

अण्णांनी पाटीवरची नजर माझ्याकडे वळवली.

‘ज्या मुलाची आशा सोडली,’ ते म्हणाले, ‘त्यालाच मी असं हो म्हणायचो.’