फौजदाराचं दही

मुक्ताकाकूंच्या हातचं दही कसं लागायचं ते विचारू नका. सुरीनं वड्या पाडाव्यात असं घट्ट. चंदननगरच्या त्यांच्या तीनमजली बिल्डिंगमधून कुणीही इंटरव्ह्यूला निघालं की आधी काकूंच्या दारात तळहात पुढे करून उभं राहायचं. खराडीत तेव्हा दर महिन्याला एखादी नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि पोरं सारखी कुठे ना कुठे इंटरव्ह्यूला पळत होती. काकू चमचाभर दही, वर चिमूटभर साखर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जा, नीट बोल. आणि तो टाय जरा सैल कर, फाशीला निघाल्यासारखा दिसतोयस." नोकरी लागली की पेढे यायचे. नाही लागली तर दोष कंपनीचा. दह्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही.

काकूंना मात्र ही गंमत वाटत नसे. आयुष्यात एकदाच त्यांनी कुणाला दही द्यायचं टाळलं होतं, आणि त्या एका सकाळनं त्यांचं घर बसलं. बापूराव, म्हणजे त्यांचे यजमान, नगर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. मालकानं सगळ्यांना बोलणी करायला बोलावलं होतं. नेमकं त्याच सकाळी दोघांचं वाजलं. कारण काय, तर चहात साखर कमी! काकू रागानं स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत, आणि बापूराव तसेच जिना उतरले. संध्याकाळी परतले ते स्वेच्छानिवृत्तीवर सही करून. आता ती स्वेच्छा कुणाची, ते मालकालाच ठाऊक. त्यानंतर ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. पोटी मूल नाही, घरात माणसं दोन, त्यातलं एक बोलेना. कारखाना बाजार खुला झाल्यामुळे गेला, असं शेजारीपाजारी म्हणायचे. काकूंच्या लेखी तो त्यांच्या रागापायी गेला होता. तेव्हापासून महत्त्वाच्या कामाला निघालेल्या कुणालाही त्यांनी दह्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही.

अशी वर्षं गेली. मग एके दिवशी बापूराव दळण आणायला म्हणून कसेबसे खाली उतरले आणि पिठाच्या डब्याबरोबर एक पिल्लू घेऊन आले. बांधकामाच्या पाइपात रडत होतं म्हणे. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला.

"हे काय आणलंत?" काकू ओरडल्या.

"हळू बोल. फौजदार झोपलेत," बापूराव म्हणाले.

कितीतरी महिन्यांत नवऱ्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य होतं. काकू आत गेल्या, पदर तोंडात धरून रडल्या, आणि दुधाची बशी घेऊन बाहेर आल्या.

फौजदारानं बापूरावांना खुर्चीतून उठवलं. सकाळ-संध्याकाळ फिरायला नेलं, लोकांशी भांडायला लावलं, एकदा तर चक्क हसवलं. "चला फौजदार, राउंडाला," असं म्हणत ते जिना उतरायचे आणि काकू वरून ऐकत राहायच्या. हे कुत्रं आहे तोवर आपला माणूस आहे, हे त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणूनच पुढे त्यांचा जीव एवढा टांगणीला लागला.

येरवड्याच्या डॉक्टर हेमांनी लस टोचताना नसबंदीचा विषय काढला होता. "आत्ता नको, लहान आहे. अंगानं भरू दे, मग करू." फौजदार भरला, तंगडी वर करायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता वय बरोबर आहे. उगाच लांबवू नका." बापूराव ताडकन उठले. घरी येऊन म्हणाले, "आधी मला बसवलं. आता त्याला बसवा." पुन्हा हा विषय काढायची काकूंची छाती झाली नाही.

पण निसर्ग कुणासाठी थांबतो? एका कुत्रीच्या मागे फौजदार साखळी तोडून भर नगर रोडवर धावला. कंपनीच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला, पण मागचा पाय सोलवटून निघाला. बापूरावांनी त्याला उचलून घरी आणलं. तेव्हा काकूंनी हट्टच धरला. "अहो, मेला तर काय करणार आहात? पुन्हा त्या खुर्चीत बसणार? माझ्याच्यानं आता ते बघवायचं नाही. करून टाका." पायाची जखम सुकल्यावर बापूरावांनी मान हलवली. त्यांच्या मनाविरुद्ध, केवळ काकूंच्या शब्दाखातर.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आदल्या रात्रीनंतर पोटात काही जाता कामा नये. काकूंनी त्याचं ताट पालथं घातलं. सकाळी बापूराव इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षा बघायला खाली गेले. फौजदार दाराशी उभा, गळ्यात पट्टा, नजर काकूंकडे. एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं लेकरू, आणि कोरड्या तोंडानं? डॉक्टरांनी खायला नको म्हटलं होतं, आणि दही म्हणजे काही खाणं नव्हे, तो शकुन. उपासालासुद्धा चालतं. त्यांनी चमचाभर दिलं. त्यानं मिटक्या मारल्या आणि शेपूट हलवली. दुसरा चमचा दिला. मग वाटीच पुढे केली, आणि त्यानं ती चाटूनपुसून लख्ख केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पोटात काही?"

"थेंब नाही!" बापूराव छाती पुढे काढून म्हणाले.

काकूंनी तोंड उघडलं. आता सांगितलं तर ऑपरेशन आज होणार नाही, आणि हा माणूस पुन्हा काही तयार व्हायचा नाही, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं. वाटीभर दह्यानं काय होतंय! त्यांनी तोंड मिटलं.

भूल दिल्यावर फौजदाराला उलटी झाली आणि ती श्वासात गेली. ऑपरेशन पार पडलं, पण डॉक्टर बाहेर आल्या त्या रागानं लाल होऊन. "काय खाल्लं होतं यानं? फुप्फुसात गेलंय. इथेच ठेवावं लागेल."

"सांगितलं ना, थेंब नाही!" बापूराव कडाडले. "तुमची चूक आमच्या माथी मारता? खोटारड्या आहात तुम्ही!" आणि फौजदाराला चादरीत गुंडाळून ते तडक निघाले. डॉक्टर गोळ्या, सूचना देत रिक्षापर्यंत मागे आल्या. काकू मान खाली घालून बसल्या.

घरी दोघांनी त्याची सेवा केली, असं म्हणायचं. गळ्यात प्लास्टिकचं ते मोठं नरसाळं, टाके चाटू नयेत म्हणून. बापूराव त्याला उचलून जिना उतरवायचे, चढवायचे, उडी मारू द्यायचे नाहीत. काकू टाक्यांना सूज आली का बघायच्या. टाके सुरेख सुकत होते! पण आत छाती घरघरत होती. गोळी पेढ्यातून दिली तर पेढा तसाच पडायचा. अंग तापलेलं, नरसाळं भिंतीला टेकवून तो नुसता धापा टाकायचा.

"चला ना परत त्यांच्याकडे," काकू विनवायच्या.

"त्या खोटारडीच्या दारात? मेलो तरी नाही."

सांगावं, न सांगावं. सांगितलं तर हा माणूस आपलं तोंड बघणार नाही. न सांगितलं तर ते मुकं जनावर जाईल. काकूंनी देवापुढे डोकं आपटलं. देव तरी काय सांगणार? सांगायचं होतं ते काकूंनाच ठाऊक होतं.

शेवटी फौजदाराच्या हिरड्या निळसर पडल्या, तेव्हा त्यांचा बांध फुटला. "अहो, मी दिलं होतं. दही. वाटीभर. तुम्ही खाली गेलात तेव्हा."

बापूरावांनी फौजदाराच्या गळ्यातलं नरसाळं सरळ केलं. मग म्हणाले, "आणि मी त्या बाईला खोटारडी म्हणालो."

आणि त्यांनी फौजदाराला उचललं. काकू अनवाणीच मागे धावल्या. डॉक्टर हेमांनी काही न विचारता ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. काकूंनी सगळं सांगितल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "त्या सकाळी बोलला असतात, तर मी परत पाठवलं असतं. आठवड्यानं केलं असतं, काय बिघडत होतं?"

फौजदार दुपारी गेला. बापूरावांचा हात त्याच्या पडलेल्या कानावर होता.

घरी आल्यावर बापूरावांनी ते नरसाळं खुंटीला टांगलं आणि खिडकीपाशी खुर्ची ओढली. काकूंनी विरजणाचं भांडं घासून माळ्यावर टाकलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची राधा आली. "काकू, उद्या खराडीला माझा इंटरव्ह्यू आहे, सकाळी येते हं."

"दही नाही," काकू म्हणाल्या. "यापुढे नाही लावणार." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी राधा तरीही आली. कडक इस्त्रीचा सलवार-कुर्ता, हातात फाइल, चेहरा रडवेला. काकू दारात नुसत्या उभ्या राहिल्या. शिव्या द्या, मारा, पण बोला हो काहीतरी, असं त्या मनातल्या मनात खुर्चीकडे पाठ करून म्हणत होत्या.

"ओट्यावर पातेलं आहे," मागून बापूरावांचा आवाज आला. "रात्री शेजारून विरजण आणून मी लावलंय. दे तिला."

त्यांनी जन्मात कधी दही लावलं नव्हतं. दूध कोमट केलंच नव्हतं बहुतेक. वर पाणी सुटलेलं, खाली जेमतेम धरलेलं. काकूंनी डोळे पुसत त्यातलंच चमचाभर उचलून राधाच्या तळहातावर ठेवलं, आणि साखर जरा जास्तच घातली.